हिरूभाऊंची अदत गाडी

हिरूभाऊंच्या गोठ्यात शिंकायला बंदी होती.

खोकला चालायचा, पण तोही तोंडावर टॉवेल धरून आणि दाराकडे तोंड करून. शिंक मात्र अजिबात नाही. आलीच तर धावत अंगणात जायचं, तुळशीपाशी उभं राहून काय ते उरकायचं, हातपाय धुवायचे आणि मगच आत यायचं. मला बारा महिने सर्दी. त्यामुळे त्या गोठ्यात मी जितका वेळ उभा राहिलो, त्याहून जास्त वेळ तुळशीपाशी काढला असेल. तुळशीवर शिंकलेलं चालायचं, कारण तुळशीची किंमत उतरत नाही.

"किंमत उतरंल!" हे हिरूभाऊंचं पालुपद. अंगणात पोरांचा चेंडू आला, फणसाच्या झाडावर माकड दिसलं, शेजारच्या लग्नात बँडवाल्याने जरा जोरात फुंकलं, की हिरूभाऊ दोन्ही हात पसरून गोठ्याच्या दारात उभे. "किंमत उतरंल रं! लांब जा!"

गोठ्यात गाय नव्हती, म्हैस नव्हती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर रबराची चटई, तिच्यावर जुन्या सतरंज्या आणि त्यावर एक लालभडक परदेशी स्पोर्ट्‌स कार. दोनच माणसं बसतील अशी. पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. कंपनीने जगभरासाठी अशा मोजक्याच गाड्या काढल्या होत्या आणि आत एका चकचकीत पट्टीवर हिचा नंबर कोरला होता, सतरावी. कर्जतहून कडावला येणाऱ्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा जपून हाकावी लागते. तिथे ही गाडी काय करत होती, हे सांगायचं तर आधी हिरूभाऊ कोण ते सांगायला हवं.

हिरूभाऊ म्हणजे बैलांचे दलाल. उभी हयात बैलबाजारात गेली. विकणारा इकडे, घेणारा तिकडे आणि मधे हिरूभाऊ. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडाने आकडा काढायचा नाही. चार लोकांत भाव फुटू नये म्हणून ही जुनी रीत. टॉवेलाखाली दोघांचे हात झटापट करत असतात आणि वर दोघेही पावसापाण्याच्या गप्पा मारत असतात. हिरूभाऊंची बोटं या कामात इतकी तरबेज की नुसता नमस्कार करताना हात हातात घेतला तरी आपण काहीतरी विकून बसलो असं वाटायचं.

आता बैल राहिले ते शर्यतीपुरते. बाजार ओस पडले. हिरूभाऊंची बायको शेवंतावहिनी गेली. मुलगा प्रकाश पुण्याला नोकरीत, तिकडेच संसार. खालापूर तालुक्यात हायवेलगत आजोळाकडून आलेला जमिनीचा तुकडा होता, तो एका रिसॉर्टवाल्याने घेतला आणि हिरूभाऊंच्या खात्यात एकदम इतका पैसा आला की बँकेचा मॅनेजर चहा घेऊन घरी आला.

आणि मी. मी विम्याचा एजंट, हिरूभाऊंच्या शेजारचं घर माझं. भीती विकणं हा माझा धंदा. "उद्या काही झालं तर?" एवढ्या एका वाक्यावर मी दोन मुलींची लग्नं केली आहेत. लोकांना थोडी भीती घालायची आणि सही घ्यायची, असा आमचा शिरस्ता. पण माझ्या साऱ्या गिऱ्हाइकांची भीती एका पारड्यात टाकली तरी हिरूभाऊंचं पारडं जमिनीला टेकलं असतं. ते मला नावाने हाक मारत नसत. "पालिशी, ए पालिशी," अशी कुंपणावरून हाक आली की मी हातातलं काम टाकून धावायचो. कारण त्या गाडीचा विमा मीच उतरवला होता.

जमिनीचे पैसे आले तेव्हा गावातल्या चार शहाण्यांनी चार सल्ले दिले. कुणी म्हणालं नेरळला फ्लॅट घ्या, कुणी म्हणालं सोनं घ्या. हिरूभाऊंनी सगळ्यांचं ऐकलं आणि एक दिवस मला म्हणाले, "पालिशी, मुंबयला गाडी बघाया जायचाय. तू कागदं वाचाया चल."

मला वाटलं, जीपगाडी असेल. तर गेलो आरशासारख्या फरशीच्या शोरूममध्ये. तिथे टाय लावलेला एक पोरगा होता. त्याने हिरूभाऊंच्या पायजम्याकडे पाहिलं, मग माझ्या छत्रीकडे पाहिलं आणि पाणी मागवलं. हिरूभाऊंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मागच्या चाकाजवळ बसून खालून नजर टाकली. पुढे येऊन दिव्यांत डोकावले. मला तर वाटलं, आता बॉनेट उघडून दात मोजतात की काय.

"किती चाललीय?"

"नवीन आहे साहेब. चाललेलीच नाही."

"म्हंजे अदत," हिरूभाऊ खूश झाले. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, ज्याच्या मानेवर जू आलेलं नाही, तो गोऱ्हा अदत. बाजारात त्याला मान.

मग त्या पोराने छापील किंमत सांगितली. मी खुर्चीचा हात धरला. पुढे तो म्हणाला, की पण छापील किमतीला ही मिळणार नाही. मोजक्याच गाड्या, मागणारे पुष्कळ, त्यामुळे डीलर वरचे इतके घेणार. ते "इतके" ऐकून मी खुर्ची सोडून उभाच राहिलो. "अहो, ही लूट आहे! छापलेल्या किमतीच्या वर एक रुपया घ्यायचा तुम्हाला अधिकार काय?" ग्राहकाचे हक्क वगैरे मला पाठ आहेत, ते मी तिथे घडाघडा म्हणून दाखवले.

हिरूभाऊंचे डोळे मात्र चमकत होते. "थांब रं पालिशी. तुला नाय कळायचं. लिवल्या किमतीच्या वर जातं ते खरं जनावर! गिऱ्हाईक हाय म्हनून तर भाव हाय." असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या पोराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं पकडली.

पोरगा पांढराफटक पडला. आपल्याला लुटतात की पळवून नेतात, हे त्याला कळेना. हिरूभाऊ वर बघून "औंदा पाऊस कसा?" असं विचारत होते आणि खाली बोटं दाबत होते. पोराने घाबरून मान हलवली. "झाला सौदा!" हिरूभाऊंनी टॉवेल उचलला. आत जाऊन पोराने मॅनेजरला आणलं, मॅनेजरने हात पाठीमागे बांधूनच बोलणं केलं. किंमत एक पैसा कमी झाली नाही. पण एक टोपी, एक छत्री आणि दोन किल्ल्यांना दोन चामडी गोंडे फुकट मिळाले. हिरूभाऊ येताना सारखे सांगत होते, "बोटांना पोरगा कच्चा हाय, पर मालाचा जाणता हाय."

गाडी आली ती दुसऱ्या मोठ्या गाडीच्या पाठीवर बसून. चालवत आणली तर किलोमीटर पडतील आणि किलोमीटर म्हणजे दात. फाट्यापासून गोठ्यापर्यंतचा चढउतार फळ्या आणि गोणपाटं अंथरून पार केला. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. हिरूभाऊ पुढे पाठमोरे चालत होते, पालखीपुढे चालावं तसे, आणि प्रत्येक फळीला "सावकास, सावकास" म्हणत होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती.

त्या दिवसापासून हिरूभाऊंच्या जिवाला झोप नाही. उंदीर वायर खातात म्हणून मांजर आणलं. मांजर टपावर चढेल म्हणून मांजराला बांधलं. बांधलेलं मांजर रात्रभर ओरडायचं, त्यामुळे सगळी आळी जागी. फणसाच्या झाडाखाली जाळी लावली. दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली आणि जुनी चप्पल टांगायची होती, पण गाडीला बांधली तर ओरखडा पडेल, म्हणून ती गोठ्याच्या दाराला टांगली. दार बुटकं असल्याने आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला ती लागायची. खोपोलीहून बॅटरी तपासायला एक मेकॅनिक बोलावला होता. त्याने हात लावण्याआधी हिरूभाऊंनी त्याची नखं बघितली. तो चहा पिऊन परत गेला.

मी हसायचो खरा, पण मनातून मीही धास्तावलेला होतो. "कारण: फणस" असा दावा घेऊन मी ऑफिसात गेलो तर साहेब मला काय म्हणतील, याच्या विचाराने मी फणसाच्या मोसमात रोज सकाळी कुंपणावरून त्या झाडाचे फणस मोजायचो.

गोठ्यातली एकच गोष्ट त्यांनी हलवली नव्हती. मागच्या भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक जुनं दावं. घरचा बैल विकताना जनावर द्यायचं, पण त्याचं दावं द्यायचं नाही. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, अशी आमच्याकडची समजूत. हिरूभाऊंनी हजारो बैल लोकांचे विकले, पण घरच्या बैलांची दावी मात्र एकूण एक तिथे होती. "सर्जाचं. हे ढवळ्याचं. हे त्या मारक्याचं," असं ते ओळखून दाखवायचे. त्याच भिंतीवर, दाव्यांच्या खाली, प्रकाशने शाळेत असताना भाताच्या खळीने चिकटवलेलं वर्तमानपत्रातलं एक चित्र होतं. लाल गाडीचं. लाल आता नावालाच उरला होता.

दर शनिवारी संध्याकाळी मला बोलावणं यायचं. काम एकच. मोबाइलवर शोधून सांगायचं, की अशा गाडीला आज बाजारात काय भाव निघतो. मी शोधेपर्यंत हिरूभाऊ श्वास रोखून बसायचे. भाव चढला असेल तर चहा. जागेवर असेल तर अर्धा चहा. आणि एका शनिवारी भाव पडला. कंपनी हीच गाडी निळ्या रंगात पुन्हा काढणार, अशी बातमी होती. हिरूभाऊंनी ती दोनदा वाचायला लावली आणि भिंतीला टेकून बसले. ओठ सुकलेले, हाताची बोटं आपोआप हलत होती.

"अहो भाऊ," मी म्हणालो, "तुम्हाला कुठे विकायचीय? पडला तर पडला. पुन्हा चढेल."

"उद्या आयतवार हाय," ते म्हणाले.

"मग?"

"पर्काशचा फोन येतो आयतवारी."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. आधी फोन शेवंतावहिनीला यायचा. माय-लेक तासभर बोलायचे. शेवटी ती म्हणायची, "घे, बाबांशी बोल," आणि फोन हिरूभाऊंच्या हातात द्यायची. "बरं हाय ना?" "बरं आहे." "बरं." एवढंच बाप-लेकाचं बोलणं. भांडण नव्हतं, वाकडं काही नव्हतं, नुसती सवय नव्हती. वहिनी गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. मग फोन दिवाळीला यायचा, नाहीतर गौरीला. गाडी आली त्या आठवड्यात मात्र प्रकाशने स्वतःहून फोन केला. "बाबा, कशी आहे गाडी? किती भाव आहे आता?" पुढच्या रविवारी पुन्हा. आणि मग दर रविवारी.

"भाव इचारतो, मंग चार गोष्टी बोलतो. नातीचं सांगतो," हिरूभाऊ म्हणाले. "भाव उतरला तर तो कशापायी फोन करंल रं?"

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी उभा होतो. फोन वाजला आणि हिरूभाऊ मोठ्याने म्हणाले, "चढला रं पर्काश! लई चढला!" जन्मभर दलाली केलेला माणूस, पण खोटा भाव सांगताना त्यांचा आवाज कापत होता. तेव्हापासून मला ती शिंकेची बंदी पाळताना हसू येईनासं झालं.

मग श्रावणात नदी चढली. दोन दिवस घाटावर धो धो कोसळत होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुलावरून गेलं. आमची खालची आळी. लोक गादल्या, गॅसच्या टाक्या, धान्य घेऊन शाळेच्या टेकाडाकडे निघाले. मी माझ्या फायली डोक्यावर घेतल्या आणि बघतो तर हिरूभाऊ गोठ्याच्या दारात, पायाशी पाणी.

"गाडी वर न्यायची," ते म्हणाले.

"कशी? चालवणार कोण?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. शेजारचा बबन आपली शर्यतीची जोडी सोडवून वर नेत होता. मी म्हणालो, "भाऊ, विम्याच्या फॉर्मात बैलांनी ओढल्याचा रकाना नाही!" पण ऐकतो कोण? प्रकाशला फोन लावला, स्पीकरवर. गाडीचं पुस्तक त्याने तिकडे बसून पाठच केलं होतं. न्यूट्रल कसा करायचा, ओढायचा आकडा कुठल्या पिशवीत आहे, तो पुढे कुठे पिळायचा, सगळं त्याने सांगितलं. मी आत बसून बटणं दाबत होतो. पहिल्यांदा वायपरच सुरू झाले.

"बाबा, पाणी किती लांब आहे?" प्रकाशने विचारलं.

"चाकापासनं दोन हात."

"गाडीचं नाही विचारत. तुमच्यापासून किती लांब आहे?"

दाराखालच्या उतारावर उभ्या हिरूभाऊंच्या पोटऱ्या पाण्यात होत्या.

"बाबा, ऐका. गाडी राहू द्या. गेली तर गेली. तुम्ही आधी वर जा."

"रेंज जातीय रं," हिरूभाऊ म्हणाले आणि फोन माझ्या मांडीवर टाकला. रेंज चांगली होती. पलीकडून "बाबा, बाबा" असं स्वच्छ ऐकू येत होतं.

बबनच्या जोडीने ती गाडी ओढली. आकड्यावर गोधडी गुंडाळलेली, दोरखंड नवा, हिरूभाऊ बैलांच्या पुढे, "हळू माझ्या राजा, हळू" करत. नंतर मी कितीदा विचारलं तरी त्यांना सांगता आलं नाही की ते बैलांना म्हणत होते की गाडीला. शाळेच्या टेकाडावर गाडी पोचली तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. माझ्या मात्र बनियनपर्यंत घाम होता. गोठ्यात त्या दिवशी गुडघाभर पाणी शिरलं.

पुढच्याच रविवारी प्रकाश म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाका. मी गिऱ्हाईक बघतो."

हिरूभाऊ कुंपणापाशी आले. चेहरा उतरलेला. "बघ पालिशी. शेवटी त्यालाबी पैसाच पायजे. आन् पैसा मिळाला की झालं." मी मान डोलावली. विमा एजंटाला कुणाच्याही पोरांबद्दल चांगलं वाटत नाही. वारसाच्या रकान्यात नाव लिहिताना आम्ही फार काही बघितलेलं असतं.

प्रकाश गिऱ्हाईक घेऊन आला तो दसऱ्याच्या आधी. किती दिवसांनी घरी आला होता, पण हिरूभाऊ त्याच्याकडे बघायच्या ऐवजी दाराची चप्पल त्याच्या कपाळाला लागू नये म्हणून हाताने धरून उभे राहिले. गिऱ्हाईक मुंबईचं, अशा गाड्या जमवणारं. त्याने पायातले बूट काढले, हातमोजे घातले, आडवं पडून बॅटरीच्या उजेडात गाडीचं पोट तपासलं. किलोमीटर बघून शीळ घातली.

"अदत हाय," हिरूभाऊ पुटपुटले.

भाव टॉवेलाखाली ठरला. तो माणूस हौशी, हसत हसत हात खाली घातला. हिरूभाऊंनी एकदा बोटं दाबली, त्याने परत दाबली. घेतल्या किमतीहून वर गेला भाव. निळ्या गाडीची ती बातमी अफवाच निघाली होती. वर कुणी पावसाबद्दल बोललं नाही.

"टोपी, छत्री, पुस्तकं सगळं आहे ना?" गिऱ्हाइकाने विचारलं. "आणि दोन्ही किल्ल्या. जमवणाऱ्यांत फार बघतात हे. एक किल्ली नसली तरी किंमत उतरते."

किंमत उतरते! हे शब्द त्या अंगणात हिरूभाऊंशिवाय दुसऱ्या कुणी उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"येकच हाय," हिरूभाऊ म्हणाले. "दुसरी हरवली."

मी खालीच बसलो. या माणसाने टोपीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. शोरूममधल्या पाण्याची बाटली जपून ठेवली होती. आणि किल्ली हरवली?

"मी बघतो गोठ्यात," असं म्हणून प्रकाश आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. गोठ्यातली धूळ असेल, असं मला वाटलं. "नाही," तो म्हणाला. "तिथे नाही कुठे."

किंमत उतरली. बरीच उतरली. माझा जीव कळवळला, पण हिरूभाऊ शांत. गिऱ्हाईक म्हणालं, सापडली तर पाठवा, कापलेले पैसे देईन. प्रकाशने पैसे वडिलांच्याच खात्यात घालायला लावले, एक रुपया स्वतःकडे घेतला नाही, तेव्हा मी जरा खजील झालो. गाडी जशी आली तशीच दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून गेली. प्रकाशही संध्याकाळी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आता रात्री झोपा."

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेलो. नुसती चटई. मला शिंक आली, मी सवयीने तुळशीकडे धावलो, अर्ध्या वाटेत थांबलो आणि तिथेच शिंकलो. 'किंमत उतरंल' असं कुणी ओरडलं नाही. आत परत आलो आणि माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. पहिल्याच खुंटीवर, सर्जाच्या दाव्याशेजारी, चामड्याच्या गोंड्याला लटकलेली किल्ली होती. लपवलेली वगैरे नाही. समोर. आंधळ्याच्या हाताला लागेल अशी.

"भाऊ!"

"वरडू नको. घरच्या जनावराचं दावं कदी दिलंय का मी?" ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याला बोललो, शोधतोय. आता किल्लीपायी तरी फोन करंल का नाय?"

फोन आला. पुढच्या रविवारी आला. "बाबा, किल्ली सापडली का?" "शोधतोय रं." त्याच्या पुढच्या रविवारीही आला. हिरूभाऊंची भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता त्यांना धाक होता, की कुणालातरी किल्ली दिसेल. गोठ्यात कुणाला सोडायचे नाहीत. मला शपथ घातली होती. मांजराला मात्र मोकळं सोडलं, मांजर कुणाला सांगणार नाही म्हणून.

परवाच्या रविवारी मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. फोन आला, स्पीकरवर लावला. हिरूभाऊंना आता कानाशी धरलेलं नीट ऐकू येत नाही. प्रकाश खूप बोलला. नातीने शाळेत गाणं म्हटलं त्याचं बोलला, बाबांच्या गुडघ्याचं विचारलं, रात्री काय जेवलात ते विचारलं. हिरूभाऊ आधी "हां, हां" करत होते, मग स्वतःहून बोलायला लागले. वालाची आमटी कशी केली ते सांगितलं. हसलेसुद्धा. मग "बरं बाबा, ठेवतो" म्हणून प्रकाशने फोन ठेवला.

हिरूभाऊ फोनकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. भाव पडला त्या शनिवारी बघितला होता, तसा झाला.

"पालिशी," ते म्हणाले, "त्यानं किल्लीचं इचारलंच नाय."

"अहो, बोलण्याच्या भरात राहिलं असेल."

"नाय रं. इसरला तो. नायतर गिऱ्हाईकच बोललं आसंल, किल्ली नको म्हनून. आता म्होरल्या आयतवारी कशापायी फोन करंल?" त्यांची बोटं टॉवेलाखाली चाचपडायला लागली, समोर कुणाचा हात नसताना. मी इतकी वर्षं लोकांना "उद्या काही झालं तर" म्हणत आलो, पण इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"बाबा, विचारायचं राहिलंच," प्रकाश म्हणाला. "किल्ली सापडली का?"

हिरूभाऊंनी मोठा श्वास सोडला. "नाय रं बाबा. शोधतोय ना. सगळीकडं शोधतोय."

"काही घाई नाही. मी दर रविवारी विचारत जाईन." मग म्हणाला, "नीट शोधा बाबा. फक्त खुंटीवर नका बघू. बाकी सगळीकडे शोधा."

हिरूभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल ओढून चेहऱ्यावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बरं," ते आतून म्हणाले. "तसंच शोधतो."